वाकड्या दाताचे साहेब

व्याह्यांचा निरोप आला तेव्हा दातवाले काका चहात बिस्कीट बुडवत होते. ‘रविवारी आम्ही दोघं येतोय. तुमचं ते वाचलं. भेटून बोलू.’ एवढंच. पुढे हसरा चेहरा नाही, जोडलेले हात नाहीत, काही नाही. एरवी हेच व्याही नुसतं ‘बरं’ म्हणायचं झालं तरी पाठोपाठ फुलांचा गुच्छ पाठवतात. काकांनी निरोप पुन्हा वाचला, चष्मा पुसून आणखी एकदा वाचला, आणि तोवर बिस्कीट मोडून कपाच्या तळाशी जाऊन बसलं.

“कोणाचं काय आलं?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. रविवारी व्याही-विहीणबाई येतायत.”

“मग तोंड असं का केलंय? राहायला नाही येत ते.”

काका चमच्याने बिस्कीट शोधत राहिले. एवढ्याशा निरोपाने ते का धास्तावले हे कळायचं तर थोडं मागे जायला हवं.

दातवाले काका दातांचे डॉक्टर नव्हेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ते स्वतःही प्रत्येकाला आधी हेच सांगतात. डॉक्टर पुढच्या खोलीत बसत, काका मागच्या. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेत, काका त्यावरून प्लॅस्टरचा साचा ओतत, मेणात दात बसवत, आणि मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या तयार करून कवळी पुढच्या खोलीत पाठवून देत. सगळं आयुष्य असं मागच्या खोलीत गेलं. त्यामुळे झालं काय, की अर्ध्या गावाला काका आतून ओळखत आणि बाहेरून मुळीच नाही. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर हे शुंभासारखे बघत राहत. तोच माणूस हसला, की यांचा चेहरा उजळायचा. “अरे, तुम्ही होय! खालची दाढ बरी आहे ना आता?” माणूस बिचारा बायकोसमोर ओशाळा व्हायचा.

निवृत्त झाल्यावर काकांनी या सगळ्या गोष्टी काकूंना सांगायला घेतल्या. काकूंनी महिनाभर ऐकल्या. मग म्हणाल्या, “अहो, मला पाठ झालं सगळं. आता तुम्ही अडखळलात तर पुढचं मी सांगेन. दुसरं कुणीतरी बघा ऐकणारं.” शेवटी लेकीने मध्यस्थी केली. स्वतःचा जुना लॅपटॉप दिला आणि वाचनालयात निवृत्तांसाठी ब्लॉग लिहायला शिकवायचा वर्ग होता, त्यात वडिलांचं नाव घातलं.

वर्गातल्या मॅडम काकांच्या लेकीपेक्षाही लहान. काकांनी त्यांना पहिला लेख दाखवला, ‘माझा जीवनप्रवास’. जन्म, शाळा, नोकरी, सचोटी, समाधान, सगळं ओळीने.

मॅडमनी तो शांतपणे वाचला. “काका, छान आहे. पण हा अर्ज वाटतोय. नोकरी मिळेल तुम्हाला यावर.”

वर्ग हसला. काकाही हसले, पण कान लाल झाले.

“असं समजा,” मॅडम म्हणाल्या, “की एकच माणूस तुमच्यासमोर बसलाय आणि त्याला जायची घाई आहे. त्याला बसवून ठेवायचं. लोकांबद्दल लिहिताना नाव बदला, गाव बदला, वय बदला, हवं ते बदला. पण एक गोष्ट अगदी खरी ठेवा. वाचणारा त्या एका खऱ्या गोष्टीला धरून बसतो.”

हे काकांना पटलं. माणूस समोर बसवायचा आणि जाऊ द्यायचा नाही, हे तर दवाखान्यात रोजचंच होतं. त्यांनी ब्लॉगला नाव दिलं ‘आ करा’, आणि लिहिलं एका बसड्रायव्हरबद्दल. तो कवळी खिशात ठेवून गाडी चालवायचा आणि प्रवाशांवर ओरडायचं असलं तरच तोंडात घालायचा. त्याने खिशात हात घातला की गाडी चिडीचूप. लोकांना हे भलतंच आवडलं. कुठले कुठले लोक खाली लिहून जाऊ लागले, ‘काका, पुढचं कधी?’ आणि पुढचं कधी, असं काकांना आजवरच्या आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. मागच्या खोलीतल्या माणसाला लोक फक्त ‘झालं का?’ एवढंच विचारतात.

आणि या पुढचं-कधीच्या नादात काका घसरले.

झालं होतं ते असं. लेकीचं लग्न होऊन काही वर्षं झाल्यावर, व्याही कंपनीच्या कामासाठी काही महिने परगावी आणि लेक-जावई नोकरीच्या गावी असताना, एक दिवस विहीणबाई एकट्याच काकांकडे आल्या होत्या. हिरड्यांचं दुखणं विकोपाला गेलेलं, वरचे सगळे दात काढायचे ठरलेले. “आमच्या गावच्या दवाखान्यात गेले तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल,” त्या म्हणाल्या. “आणि ह्यांना तर मुळीच कळायला नको.” काकांनी आपल्या डॉक्टरांकडे सगळी व्यवस्था केली. मन लावून दात बसवले, मोत्यांच्या माळेसारखे. मेणातले दात तोंडात घालून विहीणबाईंनी आरशात पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“व्याही, इतके सरळ दात आमच्या सात पिढ्यांत कुणाचे नाहीत. मला माझा वाकडा दात द्या परत.”

त्यांचा समोरच्या दोन दातांशेजारचा डावीकडचा दात जरा पुढे येऊन शेजारच्यावर चढलेला होता. त्यांनी पर्समधून जुना फोटो काढला आणि लग्नाळू मुलीसारखं लाजत सांगितलं, “ह्यांनी मला पसंत केलं ते त्या दातावरून. अजून म्हणतात.” मग काकांनी फोटो समोर ठेवून तो दात वाकवला, तासला, फिरवला, पुन्हा वाकवला. आयुष्यात त्यांनी असंख्य वाकडे दात सरळ केले होते. सरळ दात मुद्दाम वाकडा केला तो हा एकच. विहीणबाई आरशात बघून हसल्या. व्याही परगावाहून आले आणि काहीही बोलले नाहीत. गुपित काका आणि विहीणबाईंमध्येच राहिलं. काकूंनाही माहीत नव्हतं, लेकीलाही नाही.

मॅडमच्या नियमाप्रमाणे काकांनी सगळं बदललं. विहीणबाईंचे केले एक निवृत्त हेडक्लार्क. त्यांना झुपकेदार मिशा दिल्या, हातात काठी दिली, तापट स्वभाव दिला. नवऱ्यापासून लपवलेली कवळी बायकोपासून लपवलेली झाली. गाव बदललं, साल बदललं. आणि एक गोष्ट अगदी खरी ठेवायची, म्हणून ठेवला तो दात. डावीकडचा, समोरच्या दोघांशेजारचा, शेजारच्यावर जरा चढलेला. ‘साहेबांच्या मंडळींचा म्हणे त्या दातावर फार जीव’, हेही ठेवलं. दुसऱ्या कुणी लिहिणाऱ्याने दात आधी बदलला असता आणि डोळे, आवाज, चाल असलं काहीतरी खरं ठेवलं असतं. पण काकांच्या लेखी मिशा काय, काठी काय, वरवरचा माल. माणूस म्हणजे त्याचे दात. त्यात खोटं लिहायचं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आपण विहीणबाईंना मिशांआड लपवलं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात त्यांनी बाकी सगळं झाकून तेवढी ओळखच चव्हाट्यावर मांडली होती.

लेख धोधो वाचला गेला. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. आधी हसली, कौतुक केलं, मग थांबली.

“बाबा, हे साहेब कोण?”

“आहेत एक. तू नाही ओळखत.”

“नाही, म्हणजे… असा दात मी रोज बघते. सकाळी चहा देताना.” मग आवाज खाली आला. “बाबा! आमच्या आईंची कवळी आहे?”

काकांनी फोन कानापासून लांब धरला, जणू लांबून कमी ऐकू येईल.

“बाबा, मी इथे राहते! ह्याच घरात! आईंना कळलं तर मी काय तोंड दाखवू? आणि पप्पा तुमचं सगळं वाचतात. जेवताना मोठ्याने वाचतात.”

“काढून टाकतो. आत्ता काढतो.”

“काढलंत तर विचारतील का काढलं! आहे तसं राहू दे. गप्प बसा फक्त.”

आता गप्प बसा म्हटल्यावर जो गप्प बसेल तो ब्लॉग कशाला लिहील? काकांनी सकाळी लेख उघडून वाकडा दात पुसला आणि सोन्याचा केला. दुपारपर्यंत तो सोन्याचा दात त्यांना टोचत राहिला. हेडक्लार्क सोन्याचा दात लावून बायकोपासून लपवेल कसा? तो तर दिव्यासारखा चमकेल. गोष्टीचा पार चोथा झाला. त्यात एका वाचकाने लिहिलं, ‘काका, काल दात वाकडा होता, आज सोन्याचा? पगारवाढ झाली का साहेबांची?’ संध्याकाळी काकांनी दात पुन्हा वाकडा केला. आणि त्यानंतर आला तो व्याह्यांचा निरोप.

रविवार उजाडेपर्यंत काकांनी मनातल्या मनात व्याह्यांशी कितीतरी वेळा बोलणं केलं. प्रत्येक वेळी व्याही वेगळं काहीतरी बोलत आणि प्रत्येक वेळी काकाच हरत. कधी व्याही चिडत, “एवढी वर्षं तुम्ही दोघांनी मला मूर्ख बनवलंत!” कधी विहीणबाई रडत. सगळ्यात वाईट म्हणजे कधी कुणी काहीच बोलत नसे आणि लेक दारात बॅग घेऊन उभी असे. लॅपटॉप काकांनी कपाटात चादरींखाली ठेवला होता.

मंडळी आली. व्याही नेहमीसारखे गडगडत आले. विहीणबाई बारीक हसल्या, ओठ मिटून. काकांच्या ते लगेच लक्षात आलं. ओठ मिटून का? राग आहे? की उघडून हसण्याची चोरी झाली?

काकू उत्साहात होत्या. त्यांनी मोठ्या ताटात उकडलेली कणसं आणून ठेवली. “घ्या हो, कोवळी आहेत अगदी.”

“कणसं?” काका जवळजवळ ओरडलेच.

“मग काय झालं? तुम्हालाच तर आवडतात.”

“दाणे काढून दे ना. सुटे. चमच्याने बरं पडतं.”

“अहो, पाहुण्यांना दात नाहीत का?” काकू म्हणाल्या.

विहीणबाईंनी शांतपणे कणीस उचललं आणि कडेच्या दातांनी, सावकाश, बेताने खायला सुरुवात केली. काकांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. तेवढ्या भीतीतही त्यांच्या मनात आलं, पकड चांगली आहे अजून.

“तर व्याही,” व्याह्यांनी हात पुसून मोबाईल काढला, “तुमचं ते साहेबांचं. वाचतो हं मोठ्याने. वहिनी, तुम्ही वाचलंत का?”

“मला पाठ असतं ह्यांचं,” काकू म्हणाल्या. “पण हे नवीनच काहीतरी आहे.”

व्याह्यांनी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, साहेबांच्या जागी खर्जातला आवाज लावून, काठी आपटायच्या जागी टेबलावर थाप मारून. काका खुर्चीच्या कडेवर बसून आपलंच लिखाण ऐकत होते आणि प्रत्येक वाक्यागणिक एकेक वीत खाली जात होते. दाताची जागा आली. व्याह्यांनी ती जरा जोरातच वाचली.

“आणि मला सांगा,” मोबाईल खाली ठेवत ते म्हणाले, “हा दात आधी वाकडा, मग सोन्याचा, संध्याकाळी परत वाकडा! मी दिवसभर बघत होतो. काय चाललंय काय?”

“ते… टायपिंगची चूक.”

“सोन्याची चूक! भारीच.” व्याही खो खो हसले. “पण एक पटलं नाही बुवा. ही साहेबांची बायको, एवढी वर्षं संसार केला, आणि नवऱ्याचे दात खोटे आहेत हे तिला कळू नये? बावळटच म्हणायची! मला तर एका दिवसात कळलं असतं. काय गं?”

हा ‘काय गं’ विहीणबाईंना होता. काकांनी डोळे मिटले.

“कळलं असेल तिला,” विहीणबाई म्हणाल्या. “सगळंच काय सांगत बसायचं असतं?”

‘सगळंच’ म्हणताना बारीकशी शिट्टी वाजली. एरवी कुणाच्या कानावर आली नसती, पण काकांच्या कानाला ती सुईसारखी टोचली. वरची कवळी सैल झाली होती. एवढ्या गोंधळात तीही.

“नाही, नाही. बावळटच ती,” व्याही ठामपणे म्हणाले आणि दुसरं कणीस उचललं.

काकू चहा टाकायला गेल्या, व्याही बाल्कनीत काकांच्या कुंड्या बघायला गेले, आणि विहीणबाई ताटं उचलायच्या निमित्ताने काकांजवळ आल्या. काकांनी पाठ केलेली माफी उघडली, पण त्यातलं एक वाक्य सापडेना.

“विहीणबाई, मी… तसं काही माझ्या मनात…”

“मिशा का दिल्यात मला?”

“अं?”

“व्याही, माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही लिहिलं. लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच. सून वाचून दाखवत होती, पण दाताच्या जागेला तिने पटकन पान सरकवलं, तिथेच ओळखलं मी. मग मी एकटीने वाचलं. आणि तुम्ही मला मिशा चिकटवल्यात. वर काठी.” त्यांचा आवाज हसत होता, पण ताटं त्यांनी एकमेकांवर जरा जोरातच ठेवली. “राग आला होता. अजून आहे थोडा. ह्यांना कळलं असतं तर मी तुमच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. देवाची कृपा, आमचे हे दुसऱ्याच्या घरातलं सगळं ओळखतात, आपल्या घरातलं नाही.”

“काढून टाकू का लेख?”

“आता? मग तर ह्यांना नक्की संशय येईल.” त्यांनी ताटं उचलली. “आणि पहिल्या दिवशी तो दात आरशात बघून मी हसले, तेवढं बरोबर लिहिलंत. तसंच झालं होतं. ते राहू द्या.”

काकांना वाटलं, सुटलो. छातीवरचा दगड अर्धा उतरला. सगळा मात्र उतरला नाही, कारण काकू आणि विहीणबाई दारात चपला शोधत असताना व्याह्यांनी काकांना कोपराला धरून जिन्याच्या वळणावर नेलं.

“व्याही, एक काम होतं. त्याचसाठी आलो खरं तर.” गडगडणारा माणूस एकदम कुजबुजायला लागला होता. “हल्ली हिची बोलताना शिट्टी वाजते. सैल झालंय बहुतेक. बघा ना काहीतरी निमित्त काढून. माझं नाव मात्र येता कामा नये.”

काकांनी कठडा धरला. “म्हणजे तुम्हाला…”

“अहो, परगावाहून आलो त्याच दिवशी! तो दात मी किती वर्षं बघतोय, सांगा. ती सांगेल म्हणून वाट बघितली, नाही सांगितलं, मग मीही धरून बसलो. तुमचा लेख आला तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला. मला कळलंय अशी शंका तिला आली, तर हसायची बंद होईल ती, ओठ मिटून बसेल. म्हणून तर आज एवढं ओरडून वाचलं. कसं वाटलं माझं बावळटाचं सोंग?”

“उत्तम,” काका पुटपुटले.

“तुमचं कामही उत्तम हं. एकदम फर्स्टक्लास.” व्याह्यांनी खांद्यावर थाप मारली. दोन पायऱ्या उतरून मागे वळले. “फक्त केसभर जास्त वाकवलात.”

मंडळी गेली. काकूंनी कणसांची उरलेली बुरकुंडं गोळा केली. “छान झाला दिवस! तुम्ही उगाच चार दिवस सुतकी चेहरा करून होतात.” चादरींखालून लॅपटॉप काढून काका खिडकीजवळ बसले. उन्हं उतरली होती. त्यांच्याकडे आता एक अशी गोष्ट होती की मॅडमनी वर्गासमोर वाचून दाखवली असती, बसड्रायव्हर आणि हेडक्लार्क दोघांना मागे टाकणारी. आणि ती लिहायची सोय नव्हती. एक खरी गोष्ट ठेवा, म्हणे. इथे एकही ठेवता येत नव्हती.

साहेबांच्या लेखाखाली एका बाईंनी विचारलं होतं, ‘काका, शेवटी बायकोला कळलं का हो?’

काकांनी लिहिलं, ‘हो, पहिल्याच दिवशी.’ पुसलं. ‘कळलं असेल.’ तेही पुसलं. ते तर विहीणबाईंचंच वाक्य होतं, शिट्टीसकट. शेवटी लिहिलं, ‘नाही. दात अगदी हुबेहूब झाला होता.’ तो एका दिवसाचा सोन्याचा दात सोडला तर दातांबद्दल काकांनी लिहिलेलं हे पहिलं खोटं. त्यातला ‘हुबेहूब’ त्यांना जास्त लागला.

ते पाठवलं तोच मोबाईल वाजला. विहीणबाई, बहुतेक गाडीतूनच: ‘पुढच्या आठवड्यात येऊ का? जरा सैल वाटतंय. ह्यांना बोलू नका.’

चला, निमित्त शोधायचं काम तरी वाचलं. काकांनी ‘अवश्य या’ लिहिलं, उठले, बाल्कनीतल्या पेटीतून कानशी आणि पॉलिशचा ब्रश काढून पुसायला लागले. सैलपणा घालवणं सोपं होतं. पण दाताचं काय करायचं? तासला तर विहीणबाईंना आरशात कळेल आणि त्या विचारतील, का हो, कुणी काही बोललं का? नाही तासला तर व्याही रोज समोर बसून ती चूक बघणार.

“आता काय झालं?” काकूंनी आतून विचारलं.

“काही नाही,” काका म्हणाले आणि कानस उजेडात धरून बघत राहिले. केसभर म्हणजे नक्की किती, हे व्याह्यांना विचारायचं राहूनच गेलं होतं.